अन्नावरची वासना

खाऱ्या पाण्यातल्या माशाची तब्येत ओळखण्याची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे त्याचे खाणे. अंगावर पांढरे ठिपके दिसण्याआधी, पंख मिटण्याआधी, बहुतेक वेळा श्वासाची गती वाढण्याच्याही आधी त्याची अन्नावरची वासना उडते. बरे होतानाही तीच आधी परतते. नवा मासा मुख्य टँकमध्ये सोडण्यापूर्वी महिना-दीड महिना वेगळा ठेवायचा, त्याला औषधे द्यायची, ही पद्धत आता रुळली आहे. तिची वर्णने मात्र औषधाच्या मात्रेपासून सुरू होतात आणि तिथेच संपतात. प्रत्यक्षात या काळात दगावणाऱ्या माशांपैकी पुष्कळसे परजीवींनी मरत नाहीत, उपासमारीने मरतात. म्हणून क्वारंटाइनचा पहिला प्रश्न औषधाचा नाही. मासा खातो का, काय खातो आणि कुणाच्या संगतीत खातो, हा आहे.

चोखंदळ म्हणून ओळखले जाणारे मासे लाडावलेले नसतात. प्रवाळभिंतीवर प्रत्येकाचे तोंड एकेका कामासाठी घडलेले आहे. कॉपरबँड बटरफ्लायचे तोंड लांब चिमट्यासारखे असते, कारण त्याचे भक्ष्य खडकांच्या फटींत दडलेले असते. मॅन्डरीनचे तोंड इवलेसे, कारण तो दिवसभर कोपेपॉड नावाचे सूक्ष्म कवचधारी जीव एकेक करून टिपतो. अँथियस प्रवाहात उभा राहून वाहत येणारे प्लवक झेलतो. टँग दगडावरचे शेवाळ खरवडत हिंडतो. अशा माशासमोर गोळीखाद्य टाकले आणि त्याने तोंड फिरवले, तर त्यात हट्ट नाही. समोर पडलेली वस्तू अन्न आहे हेच त्याला ठाऊक नसते.

पुण्याजवळच्या हिंजवडीत हे काम आणखी कठीण होते. राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या तीन टप्प्यांभोवती, माण-मारुंजीच्या शिवारापर्यंत उंच इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांच्या दहाव्या-पंधराव्या मजल्यांवरच्या काही घरांत समुद्राचे लहान तुकडे येऊन बसले. खरा समुद्र इथून सरळ रेषेतही ऐंशी-नव्वद किलोमीटर, तोही सह्याद्रीच्या पलीकडे आणि साडेपाचशे मीटर खाली. सोसायटीत उन्हाळाभर टँकर येतात. त्यांतले पाणी बोअरचे, जड, आठवड्यागणिक वेगळे. ते आरओमधून काढायचे, त्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम सागरी मीठ विरघळवायचे, रात्रभर पंप लावून फिरवायचे, तेव्हा शंभर लिटर समुद्र तयार होतो. साडेतीन किलो मीठ त्यात जाते, आणि ते स्वयंपाकघरातले चालत नाही. मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि इतर क्षार ठरल्या प्रमाणात लागतात. इतक्या खटाटोपाने केलेल्या पाण्यात उरलेले अन्न कुजू द्यायचे नाही आणि माशाला उपाशीही ठेवायचे नाही, या दोन टोकांमध्ये सगळा दिवस जातो.

मुंबईला हा पेच नव्हता. मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले तेव्हा समुद्र रस्त्यापलीकडे होता. शाळेच्या सहलीतून तिथे जाऊन आलेल्या कितीतरी मराठी मुलांना प्रवाळातले मासे पहिल्यांदा त्याच काचांमागे दिसले. घरात खाऱ्या पाण्याचा टँक ठेवण्याची हौस अनेकांच्या मनात तिथेच रुजली असावी. पण मत्स्यालयात माशांना खाऊ घालणारा माणूस आणि त्यासाठी ठरलेली वेळ असते. घरात ते काम कुणाच्या तरी ऑफिसच्या वेळेत बसवावे लागते.

मासा हिंजवडीला पोचतो तोवर तो बरेच दिवस उपाशी असतो. पकडणारा, गोळा करणारा, निर्यातदार, आयातदार, मग मुंबईत क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्याकडचा व्यापारी, मग पुण्यातले दुकान अशी ती साखळी. पिशवीतले पाणी विष्ठेने बिघडू नये म्हणून प्रत्येक प्रवासाआधी माशाला मुद्दाम एक-दोन दिवस खायला देत नाहीत. साखळीत अशा चार-पाच कड्या असल्या की उपासांची बेरीज किती होते, हे दुकानातल्या काचेतून दिसत नाही. दिसतो तो फक्त पोटाचा खळगा.

उपासाचा फटका खाऱ्या पाण्यातल्या माशाला जास्त बसतो, त्यामागे शरीरशास्त्र आहे. त्याच्या रक्तातले क्षारांचे प्रमाण समुद्राच्या जेमतेम एक-तृतीयांश. त्यामुळे शरीरातले पाणी कल्ल्यांवाटे सतत बाहेर ओढले जाते. ते भरून काढायला तो समुद्र पितो आणि जास्तीचे मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींमार्फत बाहेर टाकतो. हे काम रात्रंदिवस चालते आणि त्याला ऊर्जा लागते. काही न करता स्तब्ध उभ्या असलेल्या माशाचाही खर्च चालू असतो. भरीला पकडले जाण्याचा ताण. ताणाने भूक मरते आणि भूक मेली की ताण सोसण्याची ताकद जाते.

आता क्वारंटाइन टँक. साठ-ऐंशी लिटरची रिकामी काचपेटी, एक स्पंज फिल्टर, हीटर, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. वाळू नाही, खडक नाही, कारण तांब्यासारखे औषध चुनखडीच्या खडकात शोषले जाते आणि त्याची पाण्यातली पातळी हाताबाहेर जाते. पण खडक गेले की त्यांच्याबरोबर फटींतले किडे, शेवाळ, कोपेपॉड असे चरण्याचे सगळेच जाते. जो मासा समुद्रात दिवसभर टिपत हिंडला, त्याच्यापुढे आता गुळगुळीत काच आणि वरून पडणारे अनोळखी दाणे एवढेच उरते.

त्यात अमोनियाचे गणित आहे. सागरी पाण्याचा सामू ८.२च्या आसपास असतो आणि त्या पातळीवर अमोनियाचा विषारी भाग गोड्या पाण्यापेक्षा जास्त भरतो. चोखंदळ माशाला खायला शिकवायचे तर अन्न पुन्हापुन्हा द्यावे लागते आणि त्यातले बरेचसे वाया जाते. वाया गेलेले अन्न कुजते, अमोनिया वाढतो, पाणी बदलावे लागते. समजा, शंभर लिटरच्या टँकमध्ये तांबे लिटरला २ मिलिग्रॅम आहे आणि पंचवीस लिटर पाणी काढून साधे खारे पाणी भरले. तांबे एकदम दीड मिलिग्रॅमवर येते, औषध कामाचे राहत नाही आणि उपचाराचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. म्हणून बदलायच्या पाण्यात तेवढेच तांबे आधीच मिसळून ठेवावे लागते. अमोनिया बांधून टाकणारी द्रव्ये सरसकट वापरता येत नाहीत. त्यांतली काही तांब्याशी अभिक्रिया करून ते जास्त विषारी करतात. एका चिमूट जास्तीच्या अन्नाने सुरू झालेली साखळी अशी औषधापर्यंत जाऊन पोचते. लांब नळी घेऊन दहा-पंधरा मिनिटांत उरलेला प्रत्येक कण ओढून घेणे, हे औषधाच्या मात्रेइतकेच महत्त्वाचे काम आहे.

यातून एक क्रम निघतो. मासा आला की पहिले काही दिवस औषध नाही. तिन्ही बाजूंना काळा कागद, मंद उजेड, लोकांची वर्दळ नसलेली खोली, आणि फक्त खाण्याची चाचपणी. आजारी माणसाच्या तोंडाला चव नसते तेव्हा घरात मेतकूट-भात, पेज, भाजलेला पापड असे एकेक करून पुढे केले जाते आणि त्यातले काय उतरते ते पाहिले जाते. हा तसलाच प्रकार आहे. मासा सलग दोन-तीन दिवस मोकळेपणाने खाऊ लागला की मग औषध सुरू होते, तेही पूर्ण मात्रेत एकदम नव्हे, चार-पाच दिवसांत चढवत.

कॉपरबँडचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. चंदेरी पांढऱ्या अंगावर नारिंगी उभे पट्टे, पाठीच्या पंखावर शेपटीकडे काळा डोळ्यासारखा ठिपका आणि ते लांब तोंड. गोळीखाद्य त्याच्या नाकासमोरून खाली जाते, तो वळूनही पाहत नाही. अशा वेळी उपयोगी पडतात तिसऱ्या. पुण्यात गणेश पेठेच्या मासळी बाजारात त्या शिंपल्यासकट मिळतात. घरी आणून गोड्या पाण्याने धुवायच्या आणि काही दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवायच्या. त्याने सगळे रोगजंतू मरत नसले तरी बरेचसे परजीवी मरतात. देताना सुरीचे टोक शिंपल्यांच्या सांध्यात घालून तिसरी उघडायची आणि मांस चिकटलेला अर्धा शिंपला तळाशी, पाइपाच्या आडोशाला ठेवायचा.

पहिल्या दिवशी मासा त्या शिंपल्यापासून दूर राहतो. तासाभराने शिंपला तसाच बाहेर काढावा लागतो. दुसऱ्या दिवशी तो जवळ येतो, अंग तिरके करतो आणि एका डोळ्याने बराच वेळ पाहतो. मग तोंड शिंपल्याच्या कडेला, मांस आणि कवच यांच्या मधल्या फटीत शिरते. फट दिसली की हे तोंड आपले काम ओळखते. एक धागा तुटतो, आत जातो, लगेच बाहेर थुंकला जातो, पुन्हा उचलला जातो. थुंकणे म्हणजे नकार असे नवख्याला वाटते. पण थुंकून परत उचलणारा मासा अन्नाची ओळख करून घेत असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शिंपला पाण्यात उतरवत असतानाच तो हाताजवळ येतो. शिंपला रिकामा, आतून चकचकीत होऊन परत येऊ लागला की मग त्याच शिंपल्यात तिसरीच्या मांसाबरोबर बारीक चिरलेली कोळंबी, मग मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), असे भरत जायचे. आठवड्या-दोन आठवड्यांत शिंपल्याबाहेर पडलेली मायसिसही तो टिपू लागतो. तेवढ्यावर तो वाचण्याची आशा पुष्कळ वाढते.

तिसरीचा गुण तिच्या रसातही आहे. शिंपले आणि कोळंबी यांच्या मांसात बीटेन आणि काही अमिनो आम्ले भरपूर असतात आणि मासे याच द्रव्यांच्या वासावर धावतात. म्हणून तिसरी उघडताना सुटलेले पाणी फेकू नये. त्यात मायसिस भिजवून दिल्यास अनोळखी अन्न ओळखीचे वाटते. लसणाच्या रसाची ख्याती मोठी आहे, पण तिला आधार कमी. तिसरीच्या पाण्यावर जास्त विश्वास ठेवावा. मात्र नुसत्या तिसऱ्यांवर मासा फार काळ ठेवू नये. काही शिंपल्यांत आणि माशांत थायमिनेज हे विकर असते. ते ब-१ जीवनसत्त्व मोडते आणि सतत तेच खाल्ल्यास कमतरता निर्माण होते. खाद्य बदलते ठेवणे आणि जीवनसत्त्वांचे थेंब मुरवणे हा त्यावर उपाय.

कोळंबी, माकूल आणि तिसऱ्या बाजारातून आणताना मीठ किंवा मसाला लावलेला माल घेऊ नये आणि सुका जवळा टाळावा, कारण त्यात मीठ आणि रेती दोन्ही असतात. ताजा जवळा मिळाला तर उत्तम. आकाराने लहान, कवच मऊ, आणि बहुतेक मासे तो सहज घेतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा मेच्या शेवटी लहान लहान पुड्या करून फ्रीझर भरून ठेवणे शहाणपणाचे. पुढे श्रावण येतो. शाकाहारी घरांत तर बाराही महिने या पुड्यांना जागा मिळवणे हा स्वतंत्र विषय असतो. घट्ट झाकणाचा वेगळा डबा, वेगळी सुरी, वेगळी पाटी यांवर बहुधा समझोता होतो. खुद्द मासळीला हात न लावणाऱ्या आजी दुपारी ठरल्या वेळी चिमट्याने शिंपला टँकमध्ये सोडतात, असेही घडते. आजारी जिवाला वेळेवर खायला घालणे त्यांना कुणी शिकवावे लागत नाही.

इतर माशांबद्दल थोडक्यात. पावडर ब्लूसारख्या टँगना साधी, बिनमिठाची, न भाजलेली नोरी, म्हणजे वाळवलेल्या समुद्रशेवाळाचा पापुद्रा, क्लिपला लावून दिवसभर ठेवावी. पालक-कोथिंबिरीने पोट भरल्यासारखे दिसते, पोषण होत नाही. अँथियसला एकदा भरपूर देऊन चालत नाही, त्याला दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे लागते, आणि आठवडाभर दिवसातून एकदाच खाल्ले की तो बारीक होत जातो. सिंहमासा सुरुवातीला हलणारे भक्ष्यच ओळखतो, म्हणून कोळंबीचा तुकडा पारदर्शक काडीला लावून हलवत न्यावा. त्याला गोल्डफिश खाऊ घालण्याची सवय वाईट, त्या चरबीने पुढे यकृत बिघडते. मॅन्डरीनला तांब्याच्या पाण्यात ठेवण्यात अर्थ नाही, कारण तांब्यात त्याचे कोपेपॉडच मरतात.

आर्टेमिया हा खाऱ्या पाण्यातला बारीक कवचधारी जीव इथे सगळ्यांच्या उपयोगी पडतो. त्याची वाळलेली अंडी अठ्ठावीस अंशांच्या खाऱ्या पाण्यात, हवेचा पंप लावून ठेवली की चोवीस ते छत्तीस तासांत केशरी पिल्ले बाहेर पडतात. उपड्या कापलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत हे करता येते आणि पुण्याच्या उन्हाळ्यात हीटरही लागत नाही. हा जीव परका नाही. मुंबईच्या मिठागरांतही त्याची नोंद झालेली आहे. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांत बलक असतो, ती पौष्टिक. काही तासांत बलक संपतो आणि मग त्यांना आधी स्वतः खायला घालावे लागते. मोठा झालेला गोठवलेला आर्टेमिया मात्र चुरमुऱ्यासारखा आहे: आवडतो, पोट भरते, अंगी लागत नाही. उपाशी माशाचे तोंड उघडायला तो वापरावा आणि लवकरात लवकर मायसिसवर यावे.

कधी कधी माशाला अन्न नको नसते, संगत हवी असते. साधी काळी मॉली हळूहळू खाऱ्या पाण्याला सरावते आणि तिला जे टाकाल ते ती खाते. तिला शेजारी ठेवली की नवा मासा तिच्याकडे पाहतो. पंगतीत शेजारच्याच्या पानाकडे पाहून लहान मूल घास उचलते तसे हे आहे. अर्थात, मॉलीलाही तेच रोग होतात. तीही पूर्ण मुदत तिथेच राहते.

आता औषधांकडे. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स या सूक्ष्मजीवामुळे होतो. तो माशाच्या कातडीखाली तीन ते सात दिवस पोसतो, मग गळून तळाशी कोष करतो. कोष बहुधा तीन ते अठ्ठावीस दिवसांत, क्वचित त्याहूनही उशिरा फुटतो आणि त्यातून निघालेली पोहणारी अवस्था एक-दोन दिवसांत नवा मासा शोधते. तांबे फक्त या पोहणाऱ्या अवस्थेला मारते. कातडीखाली आणि कोषात ते पोचत नाही. म्हणून तीस दिवस पातळी एकसारखी ठेवावी लागते. क्वारंटाइन शब्दाच्या मुळाशी चाळीस दिवस आहेत. त्याआधी, १३७७ साली, आजच्या डुब्रोव्हनिकमध्ये बाहेरून आलेल्यांना तीस दिवस वेगळे ठेवण्याचा नियम झाला होता. माणसांचे ते तीस दिवस अंदाजाने ठरले होते, माशांचे हे तीस दिवस कोषाच्या हिशेबाने ठरले आहेत.

तांब्याने भूक मंदावते, हे प्रत्येक पाळणाऱ्याला दिसते. त्यामागचे एक कारण फारसे सांगितले जात नाही. तांबे माशांच्या घ्राणपेशींना इजा करते. गोड्या पाण्यातल्या माशांवर हे अगदी कमी मात्रेतही दिसून आले आहे; खाऱ्या पाण्यात परिणाम सौम्य होतो, पण औषधाची मात्राही मोठी असते. ज्या माशाला अन्न वासावरून कळते त्याचे नाक बधिर होत असेल, तर औषधाआधीचे दिवस आणखी मोलाचे ठरतात. त्या दिवसांत अन्न डोळ्यांनी, जागेवरून आणि वेळेवरून ओळखायला शिकलेला मासा पुढे वास पुसट झाला तरी शिंपला दिसताच येतो. न शिकलेला येत नाही. तांबे चढवताना खाणे थांबले तर मात्रा तिथेच थांबवावी, दोन दिवस वाट पाहावी आणि खाणे सुरू झाल्यावर पुढे जावे. अर्धवट मात्रेचे दिवस मुदतीत धरायचे नाहीत, एवढे पथ्य पाळले की या थांबण्याने बिघडत नाही.

या क्रमाला एक मोठा अपवाद आहे. अमायलोऊडिनियम, ज्याला वेल्वेट म्हणतात, तो कल्ल्यांवर हल्ला करतो आणि काही दिवसांत, कधी एक-दोन दिवसांतच, मासा संपतो. त्यात मासा पंपाच्या धारेत तोंड करून उभा राहतो, उजेड टाळतो, वेगाने श्वास घेतो आणि खाणे एकदम सोडतो. इथे भूक परत येण्याची वाट पाहणे म्हणजे माशाला सोडून देणे. औषध ताबडतोब, पूर्ण मात्रेकडे भराभर न्यावे लागते. सुरुवातीला नुसता बुजलेला मासा आणि हा मासा बाहेरून सारखेच दिसू शकतात. फरक श्वासात आहे. बुजलेला मासा पाइपात शांतपणे श्वास घेतो. म्हणून मासा खात नाही असे दिसताच आधी घड्याळ लावून मिनिटभर कल्ल्यांची उघडझाप मोजावी, आणि ती रोज लिहून ठेवावी.

औषधाशिवाय पांढरे ठिपके घालवण्याची एक वाट चोखंदळ माशांना मानवते. कोष बनल्यापासून तो फुटेपर्यंत तीन दिवस तरी जातात. दर बहात्तर तासांच्या आत मासा नव्या, कोरड्या केलेल्या टँकमध्ये हलवत गेले तर बारा दिवसांत सगळे कोष मागे राहतात. तांबे नसल्याने भूक टिकते आणि पाणी दर तीन दिवसांनी संपूर्ण नवे असल्याने सढळ हाताने खायला घालता येते. मॅन्डरीनसाठी तर हाच मार्ग. मात्र वेल्वेटवर तो लागू पडत नाही आणि दर वेळी जाळीत पकडले जाण्याचा त्रास असतोच. जाळीऐवजी वाडग्यात घेऊन हलवावे.

पोटातल्या परजीवींसाठी औषध अन्नातूनच जावे लागते. विष्ठा पांढरी, धाग्यासारखी लोंबू लागली आणि खाऊनही पोट आत जात राहिले तर मेट्रोनिडॅझोल खाद्यात मिसळून देतात. औषध पाण्यात विरून जाऊ नये म्हणून चायना ग्रासमध्ये बांधणे सोयीचे. चायना ग्रास उकळून कोमट होऊ द्यावा, तो घट्ट होण्याआधीच वाटलेली कोळंबी, तिसरीचे पाणी आणि औषध घालून पातळ थर थापावा, गोठवून बारीक किसावे. यातला विरोधाभास असा की हा उपाय फक्त खाणाऱ्या माशालाच करता येतो. चपटकृमींवरचे प्राझिक्वांटेल कडू असते, अन्नात घातले तर मासे थुंकतात. म्हणून ते पाण्यात देणे बरे. त्यानेही काही माशांची भूक तात्पुरती जाते आणि पाण्यातला प्राणवायू घटतो, तेव्हा हवेचा पंप जोरात ठेवावा.

प्राणवायूचा प्रश्न हिंजवडीत एप्रिल-मेमध्ये टोकाला जातो. पाणी तीस अंशांपलीकडे गेले की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि पोट भरलेल्या माशाला तोच जास्त लागतो. उन्हाळ्यात मोठे जेवण सकाळी लवकर द्यावे, दुपारी नुसती चव. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असेल तर ती येईपर्यंत काहीच देऊ नये. बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप जवळ असावा. रात्रपाळीच्या कामामुळे घरातले दिवे पहाटे तीनला लागत असतील तर क्वारंटाइन टँक त्या खोलीत ठेवू नये. माशाला वेळ लागते ती घड्याळाची नव्हे, उजेडाची आणि सवयीची. गोठवलेले अन्न यंत्राने टाकता येत नाही, त्यामुळे घरात दुसऱ्या कुणाला तरी हे काम समजून घ्यावे लागते, आणि तेच बरे असते, कारण दोन जोडी डोळे माशावर राहतात.

पाहायचे काय, हेही ठरलेले आहे. मासा समोरून पाहावा. डोळ्यांच्या मागे, डोक्याच्या वरच्या बाजूला खळगा दिसला तर स्नायू झिजू लागले आहेत. पोटाचा खळगा चार दिवसांत भरतो, हा भरायला आठवडे लागतात. घास तोंडात जाणे आणि गिळला जाणे यांत फरक करावा. विष्ठा अन्नाच्या रंगाची असावी.

काही मासे मात्र आणूच नयेत, हे स्पष्टपणे सांगायला हवे. चेटोडॉन प्रजातीतले काही बटरफ्लाय जिवंत प्रवाळाशिवाय काही खात नाहीत. भारतात प्रवाळांना आणि समुद्रघोड्यांना २००१पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, आणि ते योग्यच आहे. म्हणजे अशा माशाला इथल्या घरात अन्नच नाही. मूरिश आयडलचे मुख्य अन्न समुद्रातले स्पंज, आणि तो खातोय असे वाटत असतानाच महिन्यांनी खंगून मरतो. दुकानात मासा पैसे देण्याआधी खाताना पाहावा. दुकानदार अन्न टाकून दाखवायला तयार नसेल तर रिकाम्या हाताने परत यावे. हॅचरीत जन्मलेला क्लाउनफिश पहिल्या दिवसापासून गोळीखाद्य ओळखतो. मंडपमसारख्या केंद्रांत त्याची पैदास होते आणि महाराष्ट्रात ऐरोलीलाही शोभिवंत सागरी माशांच्या बीजनिर्मितीचे काम सुरू झाले. नव्याने सुरुवात करणाऱ्याने तिथून करावी आणि कॉपरबँडकडे काही वर्षांनी वळावे.

मुदत संपली की कार्बनने तांबे काढतात आणि पुढे आठ-दहा दिवस मासा त्याच टँकमध्ये, औषधाविना, नुसता खाण्यासाठी ठेवतात. वास परतू लागतो, खाणे वाढते, रंग उजळतो. मुख्य टँकमध्ये हलवण्याच्या आदल्या दिवशी नेहमीच्या वेळेला तिथल्या दोन-तीन जागी अर्धे शिंपले ठेवून जुन्या माशांना त्यांची सवय करतात. दुसऱ्या दिवशी दिवे मंद असताना नवा मासा सोडायचा आणि त्याच वेळेला, एका कोपऱ्यात, तोच ओळखीचा शिंपला उतरवायचा. टँग हुसकावायला येतात, कॉपरबँड खडकाआड जातो. मग अर्ध्या तासाने ते लांब तोंड खडकाच्या कडेवरून पुढे येते आणि शिंपल्याच्या फटीत शिरते.